निळा सूट, रुंद खांदे आणि शहाण्यांची पंचाईत

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधे (आइंडहोवन, नेदरलँड्स, जिथं दोन ब्रेडमधे चीजचा एक काप ठेवून त्याला दुपारचं जेवण म्हणतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही) दरवर्षी मे महिन्यात एकच भांडण होतं, युरोव्हिजनला (म्हंजे दरवर्षी होणारी युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा) कुणाला पाठवायला हवं होतं. २०२५ ला बासेलची फायनल झाली आणि सोमवारी परत तेच सुरू. एका बाजूला आमचे अण्णा. म्हंजे आहेत ते अस्सल डच, सहा फूट तीन इंच, पण स्वभाव बघता मी मनातल्या मनात त्यांना अण्णाच म्हणतो. अण्णांचं म्हणणं असं की यंदा क्लोद गेला, नीट कपडे, नीट आवाज, फ्रेंच-इंग्लिश मिसळलेलं गोड गाणं, बारावा आला, पण निदान नाक तरी कापलं गेलं नाही, नाहीतर गेल्या वर्षीचा तो निळ्या सूटातला जोकर! दुसऱ्या बाजूला आमच्याकडची फ्रिसलँडची इंटर्न, तिच्या मते त्या जोकरला फायनलला उभं राहू दिलं असतं तर तो जिंकलाच असता, त्यामुळे पुढची दहा वर्षं असलेच लोक पाठवा. आणि शनिवारी आपली मराठी मंडळी जमली तेव्हा एका दादांनी मोबाईलवर ते गाणं अर्धा मिनिट बघून निकाल दिला, "ह्याच्यापेक्षा आमच्या गल्लीतली बँजो पार्टी बरी."

तर मुद्दा असा की हे सगळे एकाच प्रश्नावर भांडतायत, गंभीर कलाकार पाठवायचा की गमत्या. आणि माझं म्हणणं आहे की तो प्रश्नच चुकीचा आहे. गाणं हसवतं का रडवतं ह्यावरून त्याचा दर्जा ठरत नाही, ठरतो तो गाणाऱ्याचं त्यात काही पणाला लागलंय की नाही ह्यावरून, आणि ह्या हिशोबाने त्या जोकरचं, म्हंजे योस्त क्लाइनचं 'युरोपापा' हे नेदरलँड्सने पाठवलेल्या सगळ्यात गंभीर गाण्यांपैकी एक होतं. हे वाक्य मी कॅन्टीनमधे बोललो तेव्हा अण्णांच्या हातातला चीजचा काप खाली पडला होता, पण मी अजूनही त्यावर ठाम आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योस्त क्लाइन, जन्म १९९७ चा, लेउवार्डनचा म्हंजे उत्तरेकडच्या फ्रिसलँडचा पोरगा, शाळकरी वयातच यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला लागला, मग रॅप, मग हा सगळा प्रकार. २०२४ ला स्वीडनमधे माल्मोला तो स्टेजवर आला तेव्हा अंगात निळा सूट, त्याचे खांदे एवढे रुंद की दारातून जायचं तर तिरकं व्हावं लागेल, सोबत माणसाएवढा निळा पक्षी, आणि मागे गॅबर. गॅबर हा ९० च्या दशकात रॉटरडॅममधे वाढलेला टेक्नोचा प्रकार, मिनिटाला दीडशेच्या वर ठोके, डोकं तासलेली पोरं ट्रॅकसूट घालून पाय झाडत नाचायची, आणि शहाणी माणसं कानात बोळे घालून बसायची. त्याच काळातला रॉटरडॅमचा डीजे पॉल एल्स्टाक ह्या गाण्याच्या निर्मितीत आहे, म्हंजे हे नुसतं जुन्याची टिंगल करणं नव्हतं, ज्यांनी ते संगीत घडवलं त्यांच्यातलाच माणूस बरोबर घेऊन केलेलं काम होतं. गाणं डचमधे. एक पोरगा युरोपभर भटकायला निघालाय, पासपोर्ट हरवलाय पण नशीब की व्हिसा लागत नाही, बसने पोलंड, ट्रेनने बर्लिन, पॅरिसला जायला पैसे नाहीत तर मग कल्पनेतच जाऊ. (व्हिसा लागत नाही ह्या ओळीवर डच माणूस नाचतो, आपण मात्र क्षणभर थांबतो. आई-बाबांना तीन महिन्यांसाठी बोलवायचं तर काय काय कागद जोडावे लागतात ते ज्याने जोडलेत त्याला ही ओळ विनोदी वाटत नाही, परीकथा वाटते.)

आणि मग शेवटी तो सगळा धिंगाणा एकदम थांबतो. योस्त जवळजवळ बोलायला लागतो, बाबांशी. बाबा म्हणायचे जगाला सीमा नसतात, मला रोज तुमची आठवण येते, बघितलंत ना, मी तुमचं ऐकलं. योस्त बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कॅन्सरने गेले आणि नंतर वर्षभराच्या आसपास आई पण गेली. म्हंजे गाण्याच्या नावातला 'पापा' हा यमकासाठी आलेला नाहीये, तो खरा आहे. आता मला सांगा, तीन मिनिटं लोकांना पाय झाडायला लावून शेवटच्या काही सेकंदांत हे असं पुढ्यात ठेवणाऱ्याला जोकर म्हणायचं, आणि धुराच्या मशीनसमोर डोळे मिटून कुणाच्यातरी ब्रेकअपबद्दल इंग्लिशमधे गाणाऱ्याला गंभीर म्हणायचं, हे कुठलं माप झालं?

अण्णांचा सगळ्यात आवडता मुद्दा म्हंजे 'पूर्वी असं नव्हतं'. पूर्वी काय होतं ते बघू की. युरोव्हिजनची सुरुवात १९५६ ला स्वित्झर्लंडमधे लुगानोला झाली, सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. सगळ्यात पहिल्यांदा स्टेजवर कोण गेलं? नेदरलँड्स. जेटी पार्ल नावाची गायिका, आणि गाणं हॉलंडचे पक्षी किती संगीतप्रेमी असतात ह्यावर! शब्द लिहिलेले आनी एम. जी. स्मिट ह्यांनी, ज्यांची लहान मुलांची पुस्तकं आजही इकडे घराघरात असतात. म्हंजे ह्या स्पर्धेच्या इतिहासातलं पहिलंवहिलं गाणं हे बालसाहित्याच्या लेखिकेने लिहिलेलं, आमच्या देशातली पाखरं जास्त सुरात गातात असं तोंड वर करून सांगणारं गमतीचं गाणं आहे. ६८ वर्षांनी एक पोरगा निळा पक्षी घेऊन गेला तर ही परंपरा मोडली की पाळली? अण्णांना हे माहितच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इकडे बऱ्याच जणांना नसतं.

पुढं चला. नेदरलँड्स पाच वेळा जिंकलंय. १९५७ ला कॉरी ब्रोकन, सुंदर, हळवं, व्हायोलिनवालं गाणं, हे अण्णांच्या खात्यात टाका. पण तीच कॉरी ब्रोकन पुढच्याच वर्षी घरच्या मैदानावर हिल्व्हरसमला गायली आणि एक गुण मिळवून शेवटच्या नंबरावर आली. (बाईंनी नंतर गाणं सोडून कायद्याचा अभ्यास केला आणि चक्क न्यायाधीश झाल्या. युरोव्हिजनच्या ज्युरीचा एवढा संयमी सूड दुसऱ्या कुणी घेतलेला मला तरी माहीत नाही.) १९५९ ला टेडी स्खोल्टन जिंकली ते गाणं म्हंजे, तू एकनिष्ठ राहशील ना ह्याचं उत्तर 'थोडीशी'. नावच ते, 'थोडीशी'. १९६९ ला चार देश बरोबरीत पहिले आले त्यातलं एक नेदरलँड्स, ते जरा लोकगीताच्या वळणाचं. १९७५ ला टीच-इन, गाण्याचं नाव 'डिंग-अ-डाँग', म्हंजे शब्दशः घंटेचा आवाज, ते पण संध्याकाळचं पहिलंच गाणं, आणि आजही चालू असलेली ती प्रसिद्ध बारा गुणांची पद्धत (सगळ्यात आवडलेल्या गाण्याला बारा) पहिल्यांदा वापरली गेली ती त्याच वर्षी. आणि २०१९ ला डंकन लॉरेन्स, पियानोवर बसून, काळजाला हात घालणारं. तर पाच विजयांमधले दोन सरळसरळ हलकेफुलके आहेत.

पण आता कुणी म्हणेल की बघा म्हंजे गमतीची गाणी जिंकतात, तर तेही नाही. 'डिंग-अ-डाँग'च्या आठ वर्षं आधी, १९६७ ला, नेदरलँड्सने 'रिंग-डिंगे-डिंग' नावाचं गाणं पाठवलं होतं, तेरेझ स्टाइनमेट्झ गायल्या होत्या, ते चौदावं आलं. एक डिंग चौदावा आणि एक डिंग पहिला. त्यामुळे आमच्या इंटर्नचा फॉर्म्युला इथंच कोसळतो.

समोरच्या बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते आता मान्य करतो, कारण अण्णा अगदीच चुकीचे नाहीत. पहिलं म्हंजे जागा वर्षाला एकच असते, आणि ती सार्वजनिक वाहिनी भरते, म्हंजे लोकांच्या पैशातून. एखादा गुणी गायक दहा वर्षं छोट्या हॉलमधून गातोय, त्याला एका रात्रीत अख्खा युरोप ऐकेल अशी संधी मिळू शकते, आणि ती तुम्ही पक्ष्याचा पोशाख घातलेल्या माणसाला दिली तर त्या गायकाने काय करायचं? दुसरं, स्पर्धेचीच टिंगल करायला माणूस पाठवला तर ते खरंच वाईट दिसतं. आयर्लंडचं उदाहरण घ्या. सात वेळा जिंकलेला देश, ९० च्या दशकात तर लागोपाठ जिंकायचे, आणि २००८ ला त्यांनी बेलग्रेडला काय पाठवलं तर डस्टिन नावाची टर्की, म्हंजे हातात घालून नाचवायची बाहुली. स्पर्धेवरच टोमणे मारणारं गाणं. सेमी-फायनलमधेच बाहेर. आणि ते बरोबरच झालं, कारण तो विनोद 'तुम्ही सगळे मूर्ख, आम्हीच काय ते शहाणे' असा होता. लग्नाला जाऊन पंगतीत बसायचं आणि जेवता जेवता नवरा-नवरीवर विनोद करत राहायचं, असल्या पाहुण्याला कोण दुसऱ्यांदा वाढणार?

पण हा मुद्दा गमतीविरुद्ध जात नाही. तो तुच्छतेविरुद्ध जातो. ह्याच्या उलट २०१२ ला रशियाकडून बाकूला गेलेल्या त्या उदमुर्त ह्या छोट्या समाजातल्या आज्या बघा, बुरानोवो गावच्या, स्टेजवर भट्टी ठेवून पारंपरिक कपड्यांत नाचत होत्या. बघणाऱ्याला हसू येतंच. पण त्यांना गावातलं चर्च परत बांधायला पैसे उभे करायचे होते, आणि त्या स्वतःच्या भाषेत गात होत्या जी पुढच्या पिढ्या बोलतील का ह्याची कुणाला खात्री नाही. दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी, त्याच बाकूत, नेदरलँड्सची योआन फ्रान्का लहानपणीच्या प्रेमाबद्दलचं अगदी साधं, गंभीर गाणं घेऊन गेली होती, पण डोक्यावर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखा पिसांचा मोठा मुकुट! सेमीतूनच परत. म्हंजे आज्यांचं हसू त्यांच्या ताब्यात होतं, आणि हिच्याकडे मात्र नको तिथं हसू आलं. गंभीर गाणं पाठवलं की हसं होत नाही असं कुणी सांगितलं?

ह्यावर सगळ्यात करुण उदाहरण २०२१ चं, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. डंकनच्या विजयानंतर कोविडमुळे २०२० ची स्पर्धा रद्द झाली, मग २०२१ ला रॉटरडॅमला यजमानपद. नेदरलँड्सकडून जांगू माक्रोय, जन्माने सुरीनामचा, गुलामगिरीच्या वारशाबद्दलचं गाणं, आणि त्यात स्रानान टोंगो भाषेतली ओळ, अर्थ असा की तू मला मोडू शकत नाहीस. ज्या वसाहतीत माणसं विकली गेली तिथली भाषा, जुन्या मालकांच्या देशात, घरच्या स्टेजवर. ह्याच्याहून गंभीर काय असतं? पण त्या ओळीतला 'मोडणे' ह्या अर्थाचा शब्द डच कानांना ब्रोकोलीसारखा ऐकू आला, आणि देशभर ब्रोकोलीचे विनोद सुरू झाले. जांगूने ते हसत हसत झेललं, मोठ्या मनाचा माणूस. ज्युरीचे अकरा गुण, प्रेक्षकांचे शून्य, एकूण तेविसावा. मग अण्णा, ह्या वेळी जोकर कोण होतं, स्टेजवरचा की समोरचे?

बरं, अपयशाचं म्हणाल तर नेदरलँड्सचा सगळ्यात वाईट काळ हा गमत्या लोकांनी आणलेला नाही. २००५ ते २०१२, सलग आठ वर्षं हा देश फायनललाच पोचला नाही. त्यात २००९ ला टॉपर्स होते, चकचकीत जॅकेटातले तीन मोठे स्टार, आम्सटरडॅमचं फुटबॉल स्टेडियम भरवणारे लोक, मॉस्कोतून परत. आणि २०१० चा किस्सा तर मी कुणालाही जेवताना सांगतो. त्या वर्षी गाणं लिहायला दिलं पिअर कार्टनर ह्यांना, म्हंजे ७० च्या दशकात स्मर्फांचं, म्हंजे कार्टूनमधल्या निळ्या बुटक्यांचं गाणं करून युरोपभर गाजलेले दाढीवाले फादर आब्राहम. गाणं एकच, आणि राष्ट्रीय फेरीत पाच वेगवेगळ्या कलाकारांनी तेच एक गाणं गायचं! म्हंजे टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने एकाच संध्याकाळी पाच वेळा तेच ऐकायचं, वधूपरीक्षेला गेल्यावर प्रत्येक घरी तेच कांदेपोहे. शेवटी दोघांत बरोबरी झाली, आणि निर्णय आला खुद्द कार्टनर ह्यांच्यावर, लाईव्ह, कॅमेऱ्यासमोर, आणि त्यांना काही ठरवता येईना. आपल्या गाण्याच्या दोन पोरींतली कुठली निवडू अशा चेहऱ्याने बराच वेळ घोळ घालून त्यांनी सीनेके ह्या सतरा वर्षांच्या मुलीचं नाव घेतलं. ओस्लोला तिच्या मागे स्टेजवर जुन्या डच रस्त्यांवर असतो तसला बाजाचा ऑर्गन होता. सेमीतूनच परत.

लोक आजही सीनेकेला हसतात आणि म्हणतात बघा, असलं बालिश पाठवलं की असं होतं. पण नीट बघा, ते गाणं विनोदी नव्हतंच. ते पूर्ण प्रामाणिकपणे, चाळीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीने गोड होतं. चूक त्या मुलीची नव्हती, चूक पद्धतीची होती, म्हंजे गाणं आधी, गायक नंतर, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्या गाण्यात सीनेकेचं स्वतःचं असं काय होतं? तेच गाणं आणखी चौघांनी गायलं होतं की. आणि दुसऱ्या बाजूने त्या काळातलं इकडचं लाडकं कारण म्हंजे 'पूर्वेकडचे देश आपापसात मतं वाटून घेतात, आपल्याला कोण देणार.' परीक्षेत नापास झालं की मास्तरांचं आपल्याशी वाकडं आहे, तसं. मग २०१३ ला अनूक गेली, स्वतःचं गाणं, स्वतःच्या अटी, छपरांवरून खाली पडणाऱ्या पक्ष्यांचं (परत पक्षीच!) अत्यंत उदास गाणं, ज्यात नाच नाही, आतषबाजी नाही, आणि ती नवव्या नंबरावर आली. पूर्वेकडचे देश तेच होते. पुढच्या वर्षी कॉमन लिनेट्स, संथ कंट्री गाणं, दुसरे. मतांची वाटणी कुठं गेली मग?

अण्णा म्हणतात अनूक म्हंजे माझाच मुद्दा झाला, गंभीर पाठवा. नाही ना अण्णा. अनूकचं स्टेज माल्मोचं, योस्तचं पण माल्मोचंच, तोच हॉल, अकरा वर्षांच्या फरकाने. एकीकडे स्थिर उभी राहिलेली बाई आणि दुसरीकडे उड्या मारणारा पोरगा, वरवर बघता दोन टोकं. पण दोघांनाही युरोपला काय आवडेल ह्याचा अंदाज बांधायचा नव्हता. दोघांची गाणी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी गाऊच शकलं नसतं. 'युरोपापा' दुसऱ्या चौघांना द्या आणि राष्ट्रीय फेरी घ्या बघू, शेवटची बाबांची ओळ कुणाच्या तोंडी शोभेल?

विनोद भाषेची हद्द ओलांडत नाही हा पण एक मुद्दा असतो, आणि ह्यात तथ्य आहे. शाब्दिक कोटी बॉर्डरवर अडकते, मला स्वतःला डच कोट्या कळायला पाच वर्षं लागली आणि अजून निम्म्या मी नुसत्या हसण्याच्या आवाजावरून ओळखतो. पण 'युरोपापा' सेमी-फायनलमधे दुसरं आलं, आणि २०२३ ते २०२५ सेमीचा निकाल फक्त प्रेक्षकांच्या मतांवर लागायचा, ज्युरी नाही. म्हंजे डचचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांनी फोन उचलून मतं दिली. २०२५ ला स्वीडनने फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या तिघा गमत्यांना सौनावरचं गाणं घेऊन पाठवलं, चौथे आले. २०२३ ला फिनलंडचा कारिया, हिरव्या बाह्यांचा, फिनिशमधे ओरडणारा, प्रेक्षकांकडून ३७६ गुण आणि ज्युरीकडून १५०. जिंकली स्वीडनची लॉरीन, तिला प्रेक्षकांचे २४३ आणि ज्युरीचे ३४०. आता ज्युरी नकोच असं मी म्हणणार नाही, लोकांच्या मतांना जोडीला जाणकार असावेत, एका रात्रीच्या उत्साहावर सगळं सोडू नये. (गंमत म्हंजे २०१९ चा आपला डंकन ना ज्युरीत पहिला होता ना प्रेक्षकांत, बेरजेत पहिला आला, तेव्हा ही व्यवस्था कधी कधी चांगलंही काम करते.) पण जाणकार म्हंजे फक्त वरचा सूर किती सेकंद धरला हे मोजणारा असेल तर मग तमाशातल्या सोंगाड्याला कुठल्या खात्यात गुण देणार? टायमिंग ही कला नाही का? तीन मिनिटांत हसण्यापासून रडण्यापर्यंत लोकांना नेऊन आणणं हे वरच्या सुरापेक्षा सोपं आहे असं वाटत असेल तर एकदा गणेशोत्सवात स्टेजवर उभं राहून पाच मिनिटं लोकांना हसवून बघा.

आणि आता ते प्रकरण, कारण त्याच्याशिवाय अण्णांचा वकिली बाणा पूर्ण होत नाही. फायनलच्या दिवशी, ११ मे २०२४ ला, योस्तला स्पर्धेतून बाद केलं गेलं. सेमीनंतर स्टेजवरून उतरताना एका कॅमेरावूमनशी झालेला प्रसंग, तिने तक्रार केली, पोलिसांत गेली. डच वाहिनी आव्रोट्रोसचं म्हणणं की शूट करायचं नाही असं ठरलेलं असताना कॅमेरा चालू राहिला, त्याने कॅमेऱ्याच्या दिशेने धमकावणारी हालचाल केली, तिला हात लावला नाही, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार मोठी आहे. आयोजकांचं म्हणणं की कामाच्या जागी असलं वागणं अजिबात चालणार नाही. स्पर्धा सुरू झाल्यावर कुणाला असं बाहेर काढायची ही पहिलीच वेळ. त्या रात्री गाण्यांच्या क्रमातली पाच नंबरची जागा रिकामी राहिली, डच गुण वाचायला येणारी निकी बाजूला झाली, गुण आयोजकांच्या प्रमुखाने वाचले आणि हॉलमधे हुर्यो उडाली. ऑगस्टमधे स्वीडनच्या सरकारी वकिलांनी तपास बंद केला, त्या कृतीने गंभीर भीती वाटू शकते किंवा त्याचा तसा हेतू होता हे सिद्ध करता येत नाही म्हणून.

ह्यात मी योस्तचा वकील नाही. काम करणाऱ्या बाईला कामावर भीती वाटू नये हे मला गाण्यापेक्षा मोठं वाटतं, आणि कायद्याने गुन्हा ठरला नाही म्हंजे वागणं छान होतं असं पण नाही. शिक्षा जास्त होती का ह्यावर शहाण्या माणसांत दोन मतं असू शकतात. पण अण्णांनी काय केलं? त्यांनी ते उचललं आणि चवीच्या भांडणात घातलं. 'बघा, जोकर पाठवला की असं होतं.' म्हंजे काय, ज्याचं गाणं विनोदी त्याचा तोल जातो आणि जो पियानोवर बसतो तो संत असतो? शास्त्रीय गायकांच्या रागाचे किस्से आपल्याकडे कमी आहेत का, तेव्हा कुणी म्हणतं का की बघा, ख्याल गायला की असं होतं? वागणुकीचा न्याय वागणुकीवर करा, गाण्याचा गाण्यावर. आणि इंटर्नला पण हेच सांगितलं, गाणं आवडलं म्हणून माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर ठरत नाही. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मला वाटतं ह्या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी डच म्हण आहे, जिचा अर्थ साधारण असा की नॉर्मल वाग, तेवढा वेडेपणा पुरे. इकडे आल्या आल्या प्रत्येक परदेशी माणसाला ही म्हण ऐकवली जाते, फुकटात. डोकं वर काढायचं नाही, फार चमकायचं नाही. आणि तरी हाच देश, निदान आमचा दक्षिणेकडचा भाग, फेब्रुवारीच्या आसपास कार्नव्हलला असा सुटतो की विचारू नका. आइंडहोवनचं त्या दिवसांपुरतं नावच बदलतं, लांपेगाट होतं, दिव्यांचं भोक म्हणा हवं तर, फिलिप्सच्या बल्बांमुळे. महापौर शहराची किल्ली कार्नव्हलच्या राजपुत्राला देऊन टाकतो. बँकेतला माणूस गायीच्या वेशात सायकल चालवत असतो, बोलीभाषेतली गाणी, पिपाण्या, बिअर. आपल्या शिमग्यासारखंच, वर्षाचं साचलेलं एकदाचं बाहेर. म्हंजे गंमत ह्या समाजाला नको आहे असं नाहीच, फक्त ती घरात, आपल्या आपल्यात हवी, पाहुण्यांसमोर नको. पाहुण्यांसमोर इंग्लिशमधलं ब्रेकअपचं गाणं. ही लाज कसली आहे हे मला मराठी माणूस म्हणून अगदी ओळखीचं आहे, शाळेत असताना घरी कुणी आलं की आई म्हणायची इंग्लिशमधली कविता म्हणून दाखव, आणि आजोबांनी शिकवलेलं भारूड आतल्या खोलीत.

आता भारुडाचा विषय निघालाच तर, एकनाथांनी विंचवाचं भारूड केलं तेव्हा समोर कीर्तनाला बसलेला एखादा शहाणा म्हणाला असेल का, की हे काय, संतसाहित्यात असले चाळे? स्टेजवर माणूस विंचू चावल्यासारखा थयथय नाचतोय, गाव पोट धरून हसतंय, आणि हसता हसता कळतं की विंचू म्हंजे काम-क्रोध आणि चावलाय तो आपल्याला. हसणं हा तिथं आत शिरायचा दरवाजा आहे. तेच बसून, गंभीर आवाजात सांगितलं असतं तर अर्धं गाव घरी गेलं असतं. योस्त काही संत नाही आणि रॉटरडॅमचं गॅबर म्हंजे भारूड नाही, कुणी भावना दुखावून घेऊ नका, पण युक्ती तीच आहे. आधी पाय झाडायला लावायचे आणि तुमचं अंग सैल पडलं की हळूच बाबांना हाक मारायची.

२०२५ च्या डिसेंबरमधे आव्रोट्रोसने जाहीर केलं की इस्रायल सहभागी होणार असल्यामुळे २०२६ च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेत नेदरलँड्स भाग घेणार नाही. तो वेगळा आणि खूप मोठा विषय आहे, इथं घुसवत नाही. कॅन्टीनपुरतं एवढंच झालं की कुणाला पाठवायचं हा प्रश्नच उरला नाही आणि अण्णा व इंटर्न दोघंही बिचारे जेवताना हवामानावर बोलायला लागले. मग फेब्रुवारीत कार्नव्हल आला. रविवारी दुपारी मी मुलाला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो, तर समोरच्या कॅफेच्या दारात एक सहा फूट तीन इंच उंचीचा माणूस अडकलेला. निळा सूट, पुठ्ठ्याचे एवढाले खांदे, आत जाता येईना आणि बाहेर येता येईना. अण्णा. मला बघितल्यावर क्षणभर चेहरा पडला, मग म्हणाले, "बायकोने शिवला." मी म्हटलं तिरके व्हा. ते तिरके झाले आणि आत गेले.